पन्नास माणसांचा नियम

घाटातल्या वाड्यांवर खांबाखांबावर मोबाइलचे छोटे टॉवर बसले. कंपनीचे प्रमुख निंबकरसाहेब यांच्या कोल्हापुरातल्या केबिनमध्येही रेंज नव्हती, म्हणून तिथे त्यांच्यापुरता एक बसवला. कुठला टॉवर बंद पडला हे पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर बसवायचं काम इंजिनिअर शमीम मुजावरकडे होतं.

पडद्यावर लाल ठिपके दिसले की साहेबांचं डोकं फिरायचं. त्यांनी हुकूम सोडला, "जिथे पन्नासपेक्षा कमी माणसं, तिथला बिघाड दाखवायचाच नाही. चार घरांसाठी कोण धावणार?"

"सर, ॲम्ब्युलन्स बोलवायला त्या वाड्यांवर दुसरी सोय नाही."

"मुजावर, नियम मी ठरवतो. तुम्ही फक्त बसवा."

शमीमने नियम बसवला. पडदा हिरवागार झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब तरातरा आले. "माझा टॉवर सकाळपासून मेलाय! घरचे फोन करून करून थकले, आणि तुमच्या सॉफ्टवेअरला पत्ता नाही?"

"मीच बंद केलाय, सर. नवा नियम बसवला की एक टॉवर मुद्दाम बंद करून चाचणी घ्यायची, ही आपली पद्धत. नियम चोख चालतोय."

"मग लाल का दिसत नाही?"

"कसा दिसेल? तुमच्या केबिनमध्ये माणूस एकच."

साहेब हिरव्या पडद्याकडे वळले. मग हळू आवाजात म्हणाले, "काढा तो नियम."

शमीमने काढला. केबिनचा ठिपका लाल झाला, आणि त्याच्यासोबत घाटातल्या तीन वाड्यांचेही. त्या कधीपासून मुक्या होत्या, हे हिरव्या पडद्याने कुणालाच कळू दिलं नव्हतं.