अशोभनीय शब्द

आमच्या आळीत गटाराची लाइन फुटली आणि नळाला मैलामिश्रित पाणी येऊ लागलं. माझी आठ महिन्यांची ऋजुता जुलाबांनी इतकी सुकली की सलाइन लावावं लागलं. मी नगरपालिकेच्या ॲपवर लिहिलं, 'नळातून गू येतोय.' लगेच उत्तर आलं, 'अशोभनीय भाषेमुळे संदेश नाकारला आहे.' 'विष्ठा' लिहून पाहिलं, तेही नाकारलं. मराठीत एम.ए. करूनही सभ्य शब्द सापडेना, म्हणजे चूक आपलीच असणार, असंही वाटून गेलं.

शेवटी पाणीपुरवठ्याच्या देवस्थळीसाहेबांपुढे जाऊन उभी राहिले. त्यांनी माझा मोबाइल दोन बोटांत धरून वाचला.

"अहो ताई, शिकलेल्या दिसता. आई आहात. असला शब्द तोंडात येतो तरी कसा?"

"साहेब, माझ्या तोंडात नुसता शब्द आला. माझ्या लेकीच्या तोंडात ती वस्तूच गेली. तेव्हा नाही तुमचं ॲप आडवं आलं."

साहेबांनी माझा मोबाइल परत दिला आणि टेबलावरचा फोन उचलून दुरुस्तीवाल्यांना लावला.

संध्याकाळी लाइन दुरुस्त झाली. आपण जरा जास्तच बोललो का, असं मनात घोळवत मी दवाखान्यात लेकीच्या उशाशी बसले होते. तेवढ्यात मोबाइल वाजला, 'नळदुरुस्ती पूर्ण. कृपया अभिप्राय कळवा.'

मी अगदी मनापासून कळवला. तोही नाकारला गेला.