मूठभर दाणे

रानात पायवाटा नुकत्याच पडू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

साळिंदराचं कंदांचं दुकान होतं. रानाचा नियम असा, की दुकानात काहीही घेतलं की गिऱ्हाईकानं वर मूठभर दाणे द्यायचे. ते दाणे तळ्याचा बांध सांभाळणाऱ्या रानडुकरांना जात.

पुढे नदीपलीकडचे करकोचे घरपोच कंद आणू लागले. आभाळातून येणाऱ्या मालावर मूठ नव्हती. मग हरिणी साळिंदराकडे येई, कंद चावून बघे, पाडसाला कोणता पचेल ते विचारून घेई, आणि घरी जाऊन करकोच्याला सांगावा धाडी.

"चव माझ्याकडे आणि खरेदी त्याच्याकडे होय गं?" साळिंदर एकदा म्हणालाच.

"मूठभर दाणे वाचतात, दादा. लेकुरवाळी आहे मी."

दाणे सगळ्यांचेच वाचले. डुकरं उपाशी निघून गेली, बांध खचला, तळं वाहून गेलं. तेव्हा कुठे पंचायतीनं करकोच्यांच्या मालावरही मूठ बसवली.

"आता भाव सारखाच, मग दादाकडूनच घेऊ," म्हणत हरिणी आजारी पाडसाला घेऊन निघाली. दुकानाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. साळिंदर केव्हाच रान सोडून गेला होता.

तिनं करकोच्याला बोलावलं. "यातला आजाऱ्याला कोणता चालेल?"

"ते मला काय ठाऊक? मी फक्त पोचवतो. मूठ काढा."

हरिणीनं मूठ दिली आणि अंदाजानंच एक कंद पाडसापुढे ठेवला.