बकुळी आणि तळ्यातली पिल्लं

बकुळी नावाची एक गुणी मुलगी होती. तिची आई मोठ्या बागेत माळीकाम करायची. पण पंधरा दिवस झाले, आई तापाने अंथरुणाला खिळली होती. मग इवल्या हातांनी बकुळीच झाडांना पाणी घालायची आणि मिळालेली भाकरी आईबरोबर वाटून खायची.

बागेत एक निळंशार तळं होतं. काठाशी बेडकीची अंडी तरंगत होती, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी. एका सोनेरी सकाळी त्यांतून काळी काळी पिल्लं निघाली, शेपट्या हलवत पोहू लागली. एवढ्यात सुर्रकन खंड्या पक्षी आला आणि एक पिल्लू घेऊन गेला! तळातून चतुर किड्याची अळी सरसावली, तिने दुसरं धरलं.

बकुळी रडू लागली. तसं तळ्यातलं एक गुलाबी कमळ उमललं आणि आतून बोटभर परी बाहेर आली. तिचे पंख मोरपिशी चमचमत होते.

"रडू नकोस, सोनुले. एक इच्छा माग."

"माझ्या आईला बरं कर!"

"माझं राज्य तळ्यापुरतंच गं. तळ्यासाठी काहीतरी माग. आणि त्यामुळे कुणी उपाशी राहता कामा नये."

"मग खंड्याला दूर पाठव."

परीने काठावरच्या मातीतलं बीळ दाखवलं. आत खंड्याची तीन पिल्लं चोची वासून बसली होती. बकुळी शरमली. तीही रोज भुकेली असायची.

तिने खूप विचार केला. "परीताई, या चिमुकल्यांना लपायला जागा दे."

परीने हात फिरवला. तळ्यात हिरवंगार, मऊमऊ शेवाळ आणि पाणवेली पसरल्या. बेडकीची पिल्लं सुळकन आत शिरली. खंड्याला एखादं मिळालं, अळीलाही मिळालं, बाकीची शेकडो सुखरूप राहिली.

परी हसली. कमळाच्या पानावरचा टपोरा थेंब तिने पानाच्या द्रोणात ओतून बकुळीला दिला. "हा मागून मिळत नाही, बाळे. सगळ्यांची भूक जाणणाऱ्यालाच मी तो देते. आईला पाज."

"परीताई, तुझे किती उपकार!" बकुळी म्हणाली. तोवर परी सोनेरी उजेड होऊन पाण्यावर विरघळून गेली.

थेंब पिताच आईला घाम फुटला, ताप उतरला. दुसऱ्या सकाळी मायलेकी तळ्याकाठी आल्या. बकुळीने हात जोडले.

"कुणाला नमस्कार करतेस गं?" आईने विचारलं.

"परीताईला," बकुळी म्हणाली, "आणि खंड्यालासुद्धा."