धुरपदाआत्याचं भुयार

आमच्या करंजखोऱ्याला गाडीवाट नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वी इथं धुरपदाआत्या राहायची. उतारावरच्या द्राक्षांची फेसाळती वाइन करायला तिनंच गावाला शिकवलं, असं म्हणतात.

डोंगरातल्या भुयारात फळ्यांना भोकं पाडून त्यांत बाटल्या माना खाली करून ठेवलेल्या असत. आत्या रोज प्रत्येक बाटली पाव फेरा वळवायची, म्हणजे गाळ हळूहळू बुचापाशी उतरायचा. बाटलीला कान लावला की आतल्या वाइनचं मन तिला कळायचं, असं म्हणतात.

"आत्या, पाळण्यातच घाल की त्यांना," रावजी पाटील चिडवायचा.

"तुझ्यापेक्षा बऱ्या आहेत रे. वळवलं की वळतात तरी."

एका पौषात अशी थंडी पडली, की बाटल्यांत फेस उठेचना. लोक म्हणाले, वाइन मेली.

"मेली नाही, झोपलीय," आत्या म्हणाली. "चैत्राचं ऊन लागू दे."

पण जत्रा माघात होती. पाहुण्यांपुढं बिनफेसाची वाइन कशी ठेवायची, याची गावाला लाज वाटली. आत्या दोन दिवस लेकीकडं गेली, तेव्हा रावजीनं माणसं जमवली. त्यांनी बुचं काढली, फेस उठावा म्हणून बाटलीबाटलीत गूळ घातला आणि बुचं पुन्हा घट्ट बांधली. थंडीत गुळानं काहीच केलं नाही. जत्रा तशीच गेली. लोक गूळ विसरले, की त्यांनी विसरल्यासारखं केलं, कोण जाणे.

चैत्र लागला आणि भुयारातून घूं घूं आवाज यायला लागला. आत्या दारातच थांबली. मागं सगळे जमले होते.

"कुणी काही घातलंय का रे? असेल तर सांगा. मी रागावणार नाही. नुसती आज आत जाणार नाही."

रावजीनं खाली पाहिलं. बाकीच्यांनी रावजीकडं पाहिलं. कुणी बोललं नाही.

"मग काही भीती नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

एक बाटली फुटली. तिच्या काचेनं शेजारची फुटली, आणि मग डोंगर दुपारभर गडगडत राहिला. आत्या परत आली नाही. भुयारातून पांढरा फेस निघाला, गल्लीगल्लीतून उतरला आणि ज्यांच्या हातांना गूळ लागला होता, त्यांच्याच उंबऱ्यांशी थांबला, असं म्हणतात. गावातला एकही उंबरा सुटला नाही.

आजही बुचं बांधायच्या दिवशी सगळा गाव भुयारापाशी जमतो. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई दारात उभी राहते आणि विचारते, "कुणी काही घातलंय का रे?"

कुणीच काही घातलेलं नसतं. तरी एकेक जण पुढं होतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, "आत्या, मी गूळ घातला. आत जाऊ नकोस."