आतला पॅड

“दिवा विझवायला किती वेळ लागंल, उस्ताद?” मी विचारलं.

दस्तगीर मिस्त्री जुम्म्याची नमाज पढून नुकतेच गॅरेजवर आले होते. डोक्यावर टोपी तशीच. त्यांनी आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“कसला दिवा?”

“ब्रेक पॅडचा. पॅड झिजलेत म्हणतोय. झिजलेले नाहीत. खोटं बोलतोय.”

“तुला कुणी सांगितलं?”

“मी बघितलं की. रिममधनं बॅटरी मारून. अर्धं मटेरियल शिल्लक आहे.”

“हं...”

गाडी इंद्रजितदादाची. माझ्या थोरल्या भावाची. जुनी, लाल, आतून सगळी मोकळी केलेली, फक्त शर्यतीची. रविवारी शर्यत होती. यादीत दादाचं नाव होतं, तिथं मी माझं घालून घेतलं होतं.

दादा जाऊन एकवीस दिवस झाले होते. डेंग्यू. दहा वर्षं ट्रॅकवर ज्याला साधा ओरखडा उठला नाही, त्याला पाच दिवसांत डासानं नेलं. त्याचं हेल्मेट मी अजून धुतलेलं नाही.

“नवे पॅड टाकू,” उस्ताद म्हणाले. “तासाभराचं काम हाय.”

“नको.”

“का?”

“हेच चालवणार.”

“का रं पण?”

सांगायचं नव्हतं. सांगितलं. “हे दादानं बसवलेत. आजारी पडायच्या आधी, त्याच्या हातानं. त्यानंतर त्यानं पान्याला हात लावला नाही.”

मला वाटलं, आता उस्ताद समजूत घालणार. आमच्या घरी एकवीस दिवस सगळे तेच करत होते. मी आधीच आवाज चढवला.

“तुमच्याकडं येणाऱ्या सगळ्या शर्यतीच्या गाड्यांची या दिव्याची वायर तुम्ही कापून टाकता. कापता की नाही?”

“कापतो.”

“मग माझ्याच गाडीला का नियम?”

पॅडच्या पोटात एक बारीक वायर असते. पॅड झिजत तिच्यापर्यंत आला, की ती तुटते आणि मीटरवर दिवा लागतो. ट्रॅकवर ब्रेक इतके तापतात, की पॅड चांगला असतानाच कधीकधी वायर जळते. म्हणून शर्यतवाले ती कापतात आणि मागची दोन टोकं एकमेकांना पिळून टाकतात. मग गाडीला वाटतं, सगळं ठीक आहे.

“तुझं खरं हाय,” उस्ताद म्हणाले.

ते पक्कड घेऊन पुढच्या डाव्या चाकापाशी वाकले. मिनिटभरात उठले.

“लाव चावी.”

लावली. दिवा गेलेला.

मला हसू आलं. एकवीस दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं होतं.

“बघा, उस्ताद! उगंच नवे पॅड माझ्या गळ्यात मारत होता.”

“व्हय की. चुकलंच माझं.”

असं म्हणून त्यांनी पलीकडचं दार उघडलं आणि ते माझ्या शेजारी येऊन बसले.

ते सीट दादानं काढलं नव्हतं. मला शेजारी बसवून शिकवायचा. उस्ताद मात्र कुणाच्याच शर्यतीच्या गाडीत बसत नसत. मला जरा गर्व वाटला.

त्यांनी टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली. बेल्ट लावला नाही.

“चल. एक फेरा मार.”

“आत्ता?”

“आत्ता. भिंतीच्या वळणाला एकशेचाळीसवरनं ब्रेक दाब. तुझा दादा दाबायचा तसा.”

गॅरेजच्या मागचं फाटक थेट ट्रॅकवर उघडतं. लांब सरळ पट्टा, त्याच्या शेवटी उजवं वळण. वळण चुकलं तर समोर भिंत.

“बेल्ट लावा, उस्ताद.”

“कशाला? ब्रेक चांगले हायत की.”

मी गाडी फाटकापर्यंत आणली. थांबवली. पहिला गिअर टाकला.

ब्रेकवरचा पाय निघेना.

उस्ताद समोर बघत होते. हात मांडीवर. नखांत काळं ग्रीस. दादाच्याही असायचं.

“काय झालं?” त्यांनी विचारलं. “दिवा तर विझलाय.”

मी मीटरकडं बघितलं.

“धैऱ्या, दिवा विझलाय न्हवं?”

मी गाडी बंद केली. उतरलो. जॅक आणला, पाना आणला. मला कुणी काही सांगितलं नाही. चाक काढलं.

बाहेरचा पॅड मी म्हणालो होतो तसाच होता. अर्धा शिल्लक.

आतला बाहेर काढला. मटेरियल संपलं होतं. एका कडेला लोखंड उघडं पडलं होतं.

“बॅटरीनं बाहेरचाच दिसतोय,” उस्ताद म्हणाले. “वायर आतल्याला असती.”

पॅड उलटा केला. मागच्या लोखंडावर पांढऱ्या रंगानं तारीख घातलेली. दादा घालायचाच. इंग्रजी साताच्या पोटात आडवी रेघ, नेहमीसारखी.

रंग उष्णतेनं पिवळा पडला होता. तारीख वाचता येत होती.

“उस्ताद...”

“बोल.”

“सगळ्यांची वायर कापता. मग दादाच्या गाडीची का राहिली?”

“मी पक्कड लावली हुती. त्यानंच माझा हात धरला.”

“का?”

“म्हणाला, ही गाडी पुढं धैऱ्या चालवणार. तो काय चाक काढून बघणारा न्हाई. त्याला दिवा लागंल.”

मी चाकाशेजारी खाली बसलो. पॅड हातात होता. गार.

उस्ताद आत जाऊन आले. खोक्यात नवे पॅड होते, नवी वायर होती. वर पांढऱ्या रंगाची डबी आणि ब्रश. सगळं त्यांनी माझ्यासमोर मांडलं.

“तारीख घाल.”

मी ब्रश उचलला. परत ठेवला.

“तो गेल्यावर मी रोज ट्रॅकवर येत होतो, उस्ताद. रोज. घरात बसवत नव्हतं. अंधार पडेस्तोवर गाडी पळवायचो. त्याच्या हातचं एवढं एकच राहिलं होतं... तेही मी झिजवून टाकलं.”

उस्तादांनी माझ्या हातातला पॅड घेतला. अंगठ्यानं पुसला. पुन्हा माझ्या हातात दिला.

“झिजायलाच बसवला हुता की रं त्यानं.”