थोरलीचं सरपण

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. जिनं मला ती सांगितली, त्या माझ्या आत्यानं बजावलं होतं, की यातल्या कोणाचीही बाजू न घेता सांगता येईल तेव्हाच तोंड उघड. ते मला अजून जमत नाही. तरी सांगते. मी कोणाकडे झुकले ते तुमच्या लक्षात येईलच.

फार फार पूर्वी, पृथ्वी अजून झालीच नव्हती तेव्हा, आकाशाच्या एका कोपऱ्यात ताऱ्यांचं एक गाव होतं. तारा पेटला की त्याच दिवशी त्याला जन्मभराचं सरपण मिळे. पुढे कोणी कोणाकडे मागायचं नाही आणि कोणी कोणाला द्यायचं नाही, असा गावाचा नियम होता.

गावाच्या वेशीबाहेर धुळीचा एक काळा, गार ढग होता. त्यात न पेटलेली बाळं होती. ती इतकी विरळ पसरली होती, की एकाचा हात दुसऱ्याला पुरत नसे. बाहेरून कोणी जोराचा रेटा दिला, तरच ती जवळ येणार, त्यांचे गोळे होणार आणि ती पेटणार. रेटा मिळाला नाही, तर ढग विरून जाणार आणि बाळंही त्याच्याबरोबर जाणार.

म्हणून ढगाला राखणदार नेमायची चाल होती. ज्याच्याकडे सरपण सर्वांत जास्त, त्याच्याकडे राखण. जास्त सरपणवाला जास्त दिवस टिकणार, हे तर उघडच आहे, असं गावाला वाटे.

एकदा वेशीजवळ दोन बहिणी पेटल्या. थोरली अवाढव्य होती. तिच्या वाट्याला डोंगराएवढं सरपण आलं. धाकटी इवलीशी होती. तिला मिळालं ओंजळभर. थोरली निळ्या-पांढऱ्या उजेडानं झळझळू लागली. धाकटी राखेखालच्या निखाऱ्यासारखी तांबूस, मंद जळू लागली.

गावानं विचार करायला वेळच लावला नाही. राखण थोरलीकडे गेली.

"थोरल्या ताई, आम्ही कधी पेटणार?" ढगातून बाळांनी विचारलं.

"पेटाल रे, पेटाल. मी आहे ना," थोरली म्हणाली.

धाकटीला कोणी काहीच विचारलं नाही. ते तिच्या मनाला लागलं. पण ती बोलली नाही.

काळ गेला. आणि मग गावाच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. धाकटीच्या ओंजळीतली एक काडीसुद्धा पुरती जळली नव्हती. थोरलीचा डोंगर मात्र अर्ध्यावर आला होता.

आता धाकटीला बोलायला जागा सापडली.

"ताई, हात जरा आखडता घे की! एवढा भडका कशाला?"

"लागतो गं."

"कोणाला लागतो? लांबून लोकांनी बघावं म्हणून? उजेडाची हौस भारी तुला!"

थोरली हसली आणि गप्प राहिली. गप्प बसणाऱ्याबद्दल लोक जास्त बोलतात. गावही बोलू लागलं. "उधळी आहे नुसती." "राखणदार नेमली, आणि हीच आधी विझायला निघाली." "त्या पोरांचं आता काय होणार?"

त्या पोरांचं काय होणार, हाच विचार थोरलीला आतून खात होता. ती ढगावर जोरजोरात फुंकर घाली. ढगाची कड तेवढी हले. आतली बाळं होती तिथंच राहत. रेटा द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

एक दिवस तिचं सरपण संपलं. मग तिनं चुलीतल्या राखेच्याच गोवऱ्या थापल्या आणि त्या जाळल्या. त्यांची राख झाली, तीही जाळली. असं करता करता ती फुगली, सैल झाली आणि तिचा रंग लाल झाला.

धाकटीला हसू आवरेना. "शेवटी माझ्याच रंगावर आलीस की! हेच आधी केलं असतंस तर?"

पण हसता हसता तिनं नीट पाहिलं. थोरली थरथरत होती.

शेजारी एक म्हातारा पांढरा तारा राहत असे. त्याचं सरपण केव्हाच संपलं होतं. अंगात उरलेल्या उबेवर तो नुसता पडून असे. तो धाकटीला म्हणाला, "पोरी, तुला तुझं स्वतःचं ओझं कधी जाणवलं आहे का?"

"नाही बाबा. माझं ओझं ते केवढं!"

"तिचं डोंगराएवढं आहे. ते चारी बाजूंनी तिलाच आत दाबतं. आतली आग ते ओझं बाहेर ढकलते, म्हणून ती उभी आहे. आग जरा मंदावली की ती स्वतःखालीच चिरडली जाईल. तिला हात आखडता कसा घेता येईल? तू मंद जळतेस, यात तुझं शहाणपण ते काय? तुझ्या डोक्यावर काही नाही, एवढंच."

धाकटी थोरलीकडे वळून म्हणाली, "मी इतकं टोचून बोलले. तू एकदा तरी सांगायचंस!"

"सांगितलं असतं, तर तू माझ्याकडे बघत काळजी करत बसली असतीस. तुझं आयुष्य फार लांब आहे गं. ते काळजीत जायला नको वाटलं."

धाकटीनं आपली ओंजळ पुढे केली. "हे घे. नियम गेला खड्ड्यात. सगळं घे."

"वेडी आहेस. तुझं सगळं घेतलं तरी माझा एक घास व्हायचा नाही. ठेव ते." मग थोरलीचा आवाज खाली गेला. "मला विझायचं भय नाही. पण बाळांना मी शब्द दिला आहे. बाबा, रेटा कसा देतात हो?"

म्हातारा खजील झाला. "मला नाही ठाऊक, लेकी. मी मध्यम चणीचा. माझी आग संपली, तेव्हा मी अंगावरची पांघरुणं सोडली आणि पडून राहिलो. माझ्यानं कोणाला रेटा बसला नाही."

थोरलीच्या चुलीत आता शेवटची राख जळत होती. ती जळून तळाशी लोखंड साठलं. लोखंड जळत नाही. ऊब द्यायची सोडून ते उलट ऊब खातं. थोरलीनं ढगाकडे पाहिलं. "बाळांनो, मला जमलं नाही रे," ती म्हणाली.

आणि आग थांबली.

डोंगराएवढं ओझं एका क्षणात आत कोसळलं. ते तळाच्या कठीण गाभ्यावर आदळलं आणि तितक्याच जोरानं उलटं उसळलं. थोरली फुटली. सारं गाव मिळूनही कधी दिला नव्हता इतका उजेड तिनं त्या घटकेला दिला. तिच्या अंगातलं सगळं, राख, लोखंड, सोनं, चहूकडे फेकलं गेलं. त्याचा लोट सुसाटत आला आणि ढगावर आदळला.

ढग दबला. बाळं एकमेकांवर ढकलली गेली. हाताला हात लागला. त्यांचे गोळे झाले, गोळे तापले, आणि एकामागून एक, एकामागून एक, सगळी पेटली.

गाव खाली मान घालून उभं होतं. थोरलीच्या जागी आता एक लहानसा, घट्ट, काळसर गोळा तेवढा उरला होता.

नव्या ताऱ्यांच्या अंगात थोरलीची राख मिसळली होती. त्यांतल्या एका पिवळ्या ताऱ्याभोवती उरलेली धूळ फिरत राहिली. तिचे खडे झाले, खड्यांच्या पृथ्व्या झाल्या. तुमच्या-माझ्या रक्ताला लाल करणारं लोखंड अशाच कोणा थोरलीच्या चुलीतलं आहे.

त्या नव्या ताऱ्यांतही एक अवाढव्य, निळी पोर निघाली. ती भडभडून जळू लागली, तसं गाव पुन्हा कुजबुजलं, "काय ही उधळपट्टी!"

तेव्हा धाकटी, जी कधी मोठ्यानं बोलत नसे, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आधी तिचं ओझं विचारा."

दुसऱ्याच्या जळण्याला उधळपट्टी म्हणण्याआधी, त्याच्यावर भार किती आहे ते पाहावं.

धाकटी अजून जळते आहे. ती इतकी मंद आहे, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण म्हणून ती नाहीच, असं कोणी म्हणू लागलं, तर त्याला एवढंच सांगा, की — थांबा, आई हाक मारते आहे. आले गं आई, आले!