अरे देवा मास्तर आणि उलटं पुस्तक

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या वाकणवाडीच्या नदीवर पूल नव्हता आणि अख्ख्या गावात एकच घड्याळ होतं, तेही बंद, तेव्हाची ही गोष्ट. नीट ऐका. मागच्या वेळी निम्मी पोरं मधूनच उठून गेली आणि मग आठवडाभर माझंच डोकं खात बसली, की पुढं काय झालं.

तेव्हा मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर शाळा भरायची. वर्ग चार, पोरं साठ आणि मास्तर एक. मास्तरांचं खरं नाव विसाजीपंत, पण त्या नावानं त्यांना कुणी ओळखत नसे. गाव म्हणायचं अरे देवा मास्तर. कारण दिवसातून शंभर वेळा ते कपाळावर हात मारून "अरे देवा!" म्हणायचे. म्हणायचे कसले, ओरडायचे. त्या आवाजानं देवळापुढच्या चिंचेवरचे बगळे उडायचे आणि बगळे उडाले की नदीपलीकडच्या लोकांना कळायचं, वाकणवाडीची शाळा भरली. असं म्हणतात.

ओरडतील नाही तर काय करतील? तिसरीला पाढे सांगावेत, तर पहिली भोकाड पसरे. पहिलीची समजूत काढावी, तर चौथी चिंचेवर चढे. त्यात वरून कागद आला. उन्हाळ्यात तपासणीला साहेब येतील. पहिलीच्या पोरांना वाचता आलं नाही, तर शाळा बंद, पोरांनी नदीपलीकडच्या शाळेत जावं. नदीपलीकडे! आदल्याच पावसाळ्यात दोन धट्टेकट्टे गडी त्या नदीनं ओढून नेले होते, आणि ही तर सहा-सहा वर्षांची पोरं. मास्तरांना अन्न गोड लागेना.

शेवटी वैतागाच्या भरात त्यांनी चौथीच्या एकेका पोराच्या हातात पहिलीच्या एकेका पोराचा हात दिला. म्हणाले, "हे तुझं. याला वाचता आलं नाही, तर मी तुला विचारीन." जोडीला पुस्तक एकच. शेजारी बसवलं तर चिमटे काढत, म्हणून समोरासमोर बसवलं आणि पुस्तक मध्ये ठेवलं.

सुताराचा हैबती चौथीत तीनदा नापास झालेला. त्याच्या वाट्याला आली कुंभाराची येसू, आणि तिच्या तोंडाला खळ नव्हता. "ह्ये कंचं अक्षर? आन् ते? मग त्येला शेपूट का?" हैबती रडकुंडीला यायचा. पण तिच्यापुढं फजिती नको म्हणून तो घरून धडा वाचून यायला लागला. जन्मात पहिल्यांदा! हळूहळू ओसरीभर वाचण्याची गुणगुण सुरू झाली. मास्तर तिसरीचे पाढे घेता घेता एक कान तिकडे ठेवत. शंभराचे 'अरे देवा' पन्नासावर आले, असं म्हणतात.

आणि चैत्रात साहेब आले. घोड्यावरून उतरले, टेबल मांडून बसले, आणि समोर उभ्या येसूच्या हातात त्यांनी पुस्तक दिलं. येसूनं ते झटकन उलटं केलं.

"अगं, सरळ धर," साहेब म्हणाले.

"सरळच हाय की!"

साहेबांनी पुस्तक फिरवलं. येसूनं परत फिरवलं. साहेबांनी ते सरळ करून घट्ट धरून ठेवलं, तर येसूला एक अक्षर लागेना. मग दुसरं पोर, तिसरं पोर. सगळ्यांची तीच गत.

हैबती चाचरत पुढं झाला. "सायेब, पुस्तकाचं तोंड आमच्याकडं असायचं. ही समोरनं शिकली."

मास्तरांनी असा "अरे देवा!" केला, की बगळे तीन दिवस चिंचेवर परतले नाहीत. कानाला सगळं बरोबर लागत होतं हो! डोळ्यांनी बघायला त्या माणसाला सवड कुठं होती?

"साहेब, उलटं का होईना, पोरं वाचतात. एकदा ऐका तरी," मास्तरांनी हात जोडले.

"असलं वाचन चालत नाही," असं म्हणून साहेबांनी टाक शाईत बुडवला. आपल्या टपोऱ्या अक्षराचा त्यांना मोठा अभिमान होता. सावकाश एकेक शब्द काढून ते शेरा लिहायला लागले. येसू टेबलापलीकडे तशीच उभी होती. तिला जा म्हणायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मास्तर खांबाला टेकून खाली बसले.

तेवढ्यात येसूचा खणखणीत आवाज आला.

"या शाळेतील... मुलांना... वाचता... येत नाही."

टाक थांबला. साहेबांनी येसूकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग अजून एक शब्द लिहिला.

"सबब," येसू म्हणाली. "सायेब, सबब म्हंजी काय?"

तेव्हा साहेबांनीच कपाळावर हात मारला आणि ते म्हणाले, "अरे देवा!" त्यांनी कागद टराटरा फाडला, दुसरा घेतला, आणि त्यावर काय लिहिलं तेही गावानं येसूच्याच तोंडून ऐकलं. शाळा राहिली.

पुढं मास्तरांनी जोड्या तशाच समोरासमोर ठेवल्या, फक्त निम्म्या दिवसानंतर पोरांना आपसात जागा बदलायला लावली. मास्तर गेले त्या दिवशी कुणी न ओरडताच बगळे आपण होऊन उडाले आणि देवळावरून तीन फेऱ्या घालून परत बसले, असं म्हणतात.

आता पूल झालाय, शाळेला खोल्या झाल्यात. तरी जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी चौथीचं पोर पहिलीच्या पोराचा हात धरून चिंचेखाली नेतं, दोघं मिळून "अरे देवा!" ओरडतात आणि बगळे उडाले की पुस्तक मध्ये ठेवून समोरासमोर बसतात. आणि कुठलाही साहेब गावात कागद लिहायला बसला, की आम्ही त्याच्या समोर पहिलीचं एक पोर उभं करतो. साहेब वैतागतात. वैतागू देत. आमचे मास्तर जन्मभर वैतागले, पण शाळेच्या वाटेवर वाकणवाडीचं एकही पोर नदीनं नेलं नाही.